स्त्रीबीजाला जात नसते : अकाली थांबलेली पाळी, मातृत्वाची शक्यता आणि आपली भूमिका

आपल्या चळवळीत स्त्रियांच्या आरोग्यावर बोलणे होते, नाही असे नाही. कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू, सरकारी दवाखान्यात मिळणारी जातीय वागणूक यावर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. पण तिशीच्या आत-बाहेर ज्या बाईची पाळी कायमची थांबते तिच्याबद्दल भीमजयंतीच्या व्याख्यानमालेत एकही व्याख्यान मी ऐकलेले नाही. वस्त्यांमध्ये काम करताना मात्र अशा बायका भेटतात. कुणाला माहेरी पाठवलेले असते. कुणाला हळदीकुंकवाला नव्हे, तर विहारातल्या नामकरण विधीलाही बोलावलेले नसते. हळदीकुंकू सोडून आपण बौद्ध झालो, पण वांझपणाचा विटाळ घरातच ठेवला. म्हणून हा लेख.

हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. मूल कुणाला होते, कुणाला होत नाही, झालेले मूल कुणाचे मानायचे आणि न होणाऱ्या बाईचे काय करायचे, हे प्रश्न या देशात जातिव्यवस्थेने आपल्या ताब्यात ठेवले. विज्ञानाने ते तिच्या हातून थोडे थोडे काढून घेतले. आता विज्ञानाच्याच दारातून जात पुन्हा आत येते आहे. हा सगळा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

आधी आजार समजून घेऊ

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून साधारण १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. नवीन तयार होत नाहीत. साठा संपत आला की पाळी जाते. आपल्या देशात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. हीच गोष्ट वयाच्या चाळिशीआधी घडली तर तिला डॉक्टर अनेक वर्षे ‘प्रिमॅच्युअर ओव्हेरियन फेल्युअर’ म्हणत आले, म्हणजे अंडाशय अकाली निकामी होणे. साधारण शंभरात एका स्त्रीला हे होते असा अंदाज अनेक वर्षे दिला जात होता. अलीकडचे अभ्यास हे प्रमाण त्याहून जास्त असल्याचे सांगतात. तिशीच्या आत ते हजारात एक असते.

कारणे अनेक आहेत. टर्नर सिंड्रोमसारखा गुणसूत्रांतला फरक, एखाद्या जनुकातला दोष, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच अंडाशयावर केलेला हल्ला, कॅन्सरची केमो किंवा रेडिएशन, अंडाशयावरील शस्त्रक्रिया. आणि बहुतेक स्त्रियांमध्ये कारण सापडतच नाही. कोणत्याही यादीत मागच्या जन्माचे पाप, देवीचा कोप किंवा कुणाची नजर नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करून घेऊ, कारण वस्तीत ती नेहमी गोंधळाची ठरते. अंडाशय वेगळे आणि गर्भाशय, म्हणजे आपण जिला ‘पिशवी’ म्हणतो ती, वेगळी. अंडाशय थांबले म्हणजे पिशवी खराब झाली असे नाही. या एका वाक्यावर पुढचा सगळा वैद्यकीय इतिहास उभा आहे.

मनूचे शेत

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दोन गोष्टी आहेत. पहिली, स्त्री हे शेत आणि पुरुष हे बीज. पीक बीजावर ठरते, म्हणून मूल बापाच्या वंशाचे. दुसरी, वांझ पत्नीला आठव्या वर्षी बाजूला सारून दुसरी करावी, मुले होऊन मरत असतील तर दहाव्या वर्षी, मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी. दोन्ही एकत्र वाचा. पीक आले तर श्रेय बीजाचे आणि न आले तर दोष शेताचा. बीजाची तपासणी करण्याची तरतूद कुठेही नाही.

हे पोथीत पडून राहिलेले नव्हते. बहुपत्नीत्व आपल्या मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बंद झाले. म्हणजे आपल्या आजीच्या पिढीपर्यंत ‘मूल होत नाही म्हणून दुसरी केली’ हा कायदेशीर व्यवहार होता. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मध्ये या बीज-क्षेत्र कल्पनेवर लिहिताना दाखवले की स्त्रीला शेत ठरवणे ही केवळ उपमा नाही. मुलावरचा, जमिनीवरचा आणि वारशावरचा स्त्रीचा हक्क नाकारण्याचे ते साधन आहे.

१८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांच्या मादीतले बीज प्रत्यक्ष पाहिले. त्या दिवशी मनूचे शरीरशास्त्र संपले. स्त्री शेत तर नव्हतीच, तिच्याजवळ स्वतःचे बीज होते आणि मूल दोन बीजांपासून होते. आपण सहज वापरतो तो ‘स्त्रीबीज’ हा मराठी शब्दच मनुस्मृतीला दिलेले उत्तर आहे. बरोबर शंभर वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. तो ग्रंथ विज्ञानात आधीच खोटा ठरला होता, समाजात मात्र राज्य करत होता. म्हणून तो जाळावा लागला.

फुले दांपत्याने दाखवलेली वाट

जोतीराव आणि सावित्रीमाईंना मूल झाले नाही. कारण कोणते ते शोधण्याचे साधन त्या काळी नव्हते आणि आपण ते आज शोधण्याचीही गरज नाही. महत्त्वाचे आहे ते त्यांनी काय केले ते. दुसऱ्या लग्नासाठी जोतीरावांवर दबाव आला आणि त्यांनी तो ठामपणे नाकारला, असे चरित्रकार सांगतात. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जिथे फसवल्या गेलेल्या विधवा सुरक्षितपणे बाळंत होऊ शकत होत्या. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीमाईंचा मृत्यू झाला.

त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तक मूल सजातीयच लागे, आणि तेही मुलगाच. माळी दांपत्याने ब्राह्मण विधवेचे मूल आपले म्हणणे हे त्या कायद्याला दिलेले आव्हान होते. मूल रक्ताने होते की जबाबदारीने, या प्रश्नाचे उत्तर या मातीत दीडशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे.

आजाराला नाव मिळाले

१९२० आणि १९३० च्या दशकांत संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा शोध लागत गेला. अंडाशय इस्ट्रोजेन तयार करते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाच्या संप्रेरकाने त्याला कामाला लावते, हे कळले. अंडाशय प्रतिसाद देईनासे झाले की पिट्युटरी जोर लावते आणि रक्तातले एफएसएच वाढते. मालकाने हाका मारून घसा कोरडा करावा आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसे.

१९४२ मध्ये अमेरिकेत बोस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी न येणाऱ्या काही तरुणींवर निबंध लिहिला. दोष पिट्युटरीत नसून मुळात अंडाशयातच आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी शब्द वापरला ‘प्रायमरी ओव्हेरियन इन्सफिशियन्सी’, म्हणजे अंडाशयाची मूळचीच अपुरी क्षमता. बाईच्या चारित्र्यावर, नशिबावर आणि पापावर शतकानुशतके टाकलेले ओझे एका अवयवावर आले आणि तपासणीत मोजता येऊ लागले.

पुढे १९६७ मध्ये डी मोराएस-रुहसेन आणि जॉर्जियाना जोन्स यांच्या निबंधापासून ‘प्रिमॅच्युअर ओव्हेरियन फेल्युअर’ हे नाव रूढ झाले. फेल्युअर म्हणजे नापास, कायमचे बंद. डॉक्टरांनी तसेच सांगायला सुरुवात केली: ‘तुम्हाला मूल होणार नाही.’ पण काही स्त्रियांना निदानानंतर महिन्यांनी, वर्षांनी अचानक पाळी येत होती आणि काहींना दिवसही राहत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील लॉरेन्स नेल्सन यांनी या स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. अंडाशय पूर्ण बंद नसते, अधूनमधून जागे होते, म्हणून ‘फेल्युअर’ सोडून अल्ब्राइट यांचा जुना शब्दच वापरावा, असा आग्रह त्यांनी धरला. आज वैद्यकीय जगात बहुतांशी ‘इन्सफिशियन्सी’ हाच शब्द वापरला जातो. असे निदान झालेल्या स्त्रियांपैकी साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांना कोणत्याही उपचाराशिवाय गर्भधारणा होऊ शकते.

हा आकडा दोन्ही बाजूंनी नीट समजून घ्यावा. शंभरातल्या ९० ते ९५ स्त्रियांना स्वतःच्या बीजापासून मूल होत नाही. त्यांना ‘होईल, होईल’ म्हणून वर्षानुवर्षे बाबा-बुवांकडे आणि महागड्या गोळ्यांकडे फिरवणे क्रूरपणा आहे. अंडाशय पुन्हा हमखास सुरू करणारे औषध आजही नाही. अंडाशयाचा तुकडा बाहेर काढून त्यातली सुप्त बीजे जागी करण्याच्या प्रयोगातून २०१३ मध्ये जपानमध्ये एक बाळ झाल्याचे प्रसिद्ध झाले, पण तो प्रयोगाच्याच पातळीवर आहे. दुसरीकडे, शंभरातल्या पाच-दहा जणींना दिवस राहतात, म्हणून ‘कधीच नाही’ असा शिक्का मारणेही अशास्त्रीय आहे. ज्या बाईला मूल नको आहे तिने निदान झाले म्हणून गर्भनिरोधक सोडू नये, हेही याच आकड्यातून निघते.

मेलबर्न ते परळ

पिशवी चांगली आहे, बीज नाही. मग दुसऱ्या स्त्रीचे बीज घेतले तर? १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले आणि त्यानंतर सत्तर दिवसांच्या आत कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भारतातले पहिले बाळ जन्माला घातले. आपल्या व्यवस्थेने त्यांच्यावर अविश्वास दाखवला, चौकशी लावली, बदल्या केल्या. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या कामाला मान्यता मिळायला पुढे कितीतरी वर्षे गेली.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये मोनॅश विद्यापीठाच्या गटाने पुढचे पाऊल टाकले. अंडाशय निकामी झालेल्या २५ वर्षांच्या स्त्रीला बाहेरून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन देऊन तिच्या गर्भाशयाचे अस्तर तयार केले. दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून बनलेला गर्भ तिच्या पिशवीत ठेवला. वार स्वतः हार्मोन बनवू लागेपर्यंत बाहेरून औषधे सुरू ठेवली. नोव्हेंबर १९८३ मध्ये तिला बाळ झाले आणि १९८४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पीटर लुटयेन, अ‍ॅलन ट्राउन्सन आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. अंडाशयाने काम थांबवले तरी स्त्री गर्भ वाढवू शकते, हे सिद्ध झाले.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या गटाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातले. केईएम महानगरपालिकेचे, गिरणगावातले, कामगारांचे रुग्णालय, हे लक्षात ठेवा. अकाली पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी दात्या स्त्रीचे बीज वापरण्याची पद्धत भारतात आणण्याचे श्रेयही डॉ. हिंदुजांकडे जाते. या पद्धतीचे देशातले पहिले बाळ २४ जानेवारी १९९१ रोजी झाले.

म्हणजे तंत्रज्ञानाने आपल्याकडे जन्म घेतला तेव्हा त्यात सार्वजनिक रुग्णालयाचा मोठा वाटा होता. वाढले मात्र ते खासगी क्लिनिकच्या काचेआड. आज एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि एका प्रयत्नात यश येईलच असे नाही. आयुष्मान भारत योजनेत ज्या गोष्टी वगळल्या आहेत, त्यात वंध्यत्वावरचे उपचार आहेत.

प्रयोगशाळेत शिरलेली जात

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातीचे सार अस्पृश्यतेत, व्यवसायात किंवा रोटीबंदीत नसून सजातीय विवाहात आहे, हा त्यांचा सिद्धांत. जात टिकवायची तर स्त्रीच्या प्रजननावर कुंपण घालावे लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या कुंपणाची साधने. नवरा मेलेली स्त्री ही जातीच्या हिशेबात ‘जास्तीची’ ठरते आणि तिचा बंदोबस्त करावा लागतो, अशी ती मांडणी आहे. मला वाटते, मूल न होणारी स्त्रीही याच हिशेबात बसते. जातीला तिचा उपयोग नाही, म्हणून तिची जागा दुसरीला द्यायची.

या सिद्धांताच्या उजेडात आजचे क्लिनिक पाहा. दात्या स्त्रीचे बीज घ्यायचे ठरले की अनेक कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलगी कुठल्या समाजाची?’ दुसरा, ‘गोरी आहे ना?’ जात आणि रंग पाहून डोनर मागितली जाते, याच्या बातम्या अनेकदा छापून आल्या आहेत. कायद्याने दात्रीचे नाव गुप्त राहते, पण तिची जात मात्र हवी असते. सजातीय विवाह आता दोन माणसांपुरता राहिलेला नाही. काचेच्या बशीतल्या दोन पेशींचेही जात पाहून लग्न लावले जाते.

विज्ञान याबद्दल काय सांगते? स्त्रीबीज ही एक पेशी आहे. तिच्यात गुणसूत्रे असतात, आजारांची जनुके असू शकतात, म्हणून रक्तगट, थॅलसेमिया, सिकलसेल, एचआयव्ही या तपासण्या कराव्यात. जातीची तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही, कारण तपासण्यासारखे तिथे काही नसते. दात्रीच्या बीजापासून झालेले मूल ज्या आईच्या रक्तावर नऊ महिने वाढते, तिची जात त्या बीजाला लागत नाही आणि बीजवालीची जात त्या आईला लागत नाही. दुसऱ्या बाईच्या बीजापासून आपल्या पोटात मूल वाढवणारी प्रत्येक आई रक्तशुद्धीच्या कल्पनेचा पायाच उखडते. म्हणूनच जातीला तिथे पहारा बसवायचा आहे.

आणि हा प्रश्न फक्त सवर्णांना विचारून आपण मोकळे होऊ शकत नाही. ‘आपल्यातलीच बघा’ हे वाक्य आपल्या बौद्ध घरांतही बोलले जाते. कधी पोटजातीसकट बोलले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने प्रयोगशाळेत पोटजात विचारावी, याला धम्मांतर म्हणायचे का?

बीज देणारी कोण?

जातीच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. बीज विकत घेणारे जात पाहतात, पण बीज देणाऱ्या बहुतेक गरीब वस्तीतल्या असतात. घरभाडे थकलेले, नवऱ्याचे काम गेलेले, मुलांची फी भरायची. बीज देणे रक्तदानाइतके सोपे नाही. साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मग भूल देऊन सुईने बीजे काढणे. औषधांचा अतिरेक झाला तर पोटात पाणी साचते, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि क्वचित जीवही जातो. २०१० मध्ये मुंबईत १७ वर्षांची एक कामगार मुलगी बीज दिल्यानंतर दोन दिवसांत मेली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सतरा वर्षांच्या मुलीला ‘दाती’ कुणी केले, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आला. त्यातल्या तरतुदी प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हव्यात. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असावी.  आयुष्यात एकदाच बीज देता येते आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. तिचा विमा उपचार घेणाऱ्यांनी उतरवायचा आहे. बीजांची विक्री आणि दलाली गुन्हा आहे. वस्तीत कुणी बाई ‘दर दोन महिन्यांनी जाते’ असे कानावर आले तर समजा, तिथे कायदा मोडला जातो आहे आणि धोका तिच्या जिवाला आहे. तिला दोष देऊ नका. तिला नेणाऱ्याला पकडा.

सरकारला गरीब बाईची पिशवी कधी दिसते?

गरीब बाईचे प्रजनन सरकारला दिसते ते लोकसंख्या म्हणून. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या शिबिरांच्या सत्रात किमान १३ जणी मेल्या. मूल बंद करायला शिबिर आहे, टार्गेट आहे, पैसे आहेत. मूल का होत नाही हे पाहायला प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी एफएसएच तपासणी मिळणे कठीण.

आपल्या बीड जिल्ह्यातले उदाहरण अधिक जवळचे आहे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, एक खाडा पडला की दंड, फडात शौचालय नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. मग अंगावरून पाणी जाते म्हणून डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका. कोयता धरणाऱ्या या बायका एका जातीच्या नाहीत. वंजारी आहेत, मराठा आहेत, भटक्या-विमुक्त आहेत आणि मोठ्या संख्येने आपल्याही आहेत.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर बाईला दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती येते, मग ती पंचविशीची असो. अंडाशये ठेवली तरी ती लवकर थकण्याचा धोका वाढतो. निसर्गाने ज्या स्त्रियांचे अंडाशय थांबवले त्यांच्यासाठी विज्ञानाने वाट शोधली. इथे व्यवस्थेनेच स्त्रियांना त्या अवस्थेत ढकलले, आणि पिशवीच गेल्यावर दात्रीचे बीजही उपयोगाचे राहत नाही.

यातला सर्वात दुर्लक्षित भाग असा की पाळी लवकर गेली तर नुकसान फक्त मुलाचे नसते. इस्ट्रोजेन कमी झाल्याने हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंग भाजल्यासारखे होते, झोप जाते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, चालत असल्यास, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोनची औषधे घ्यावी लागतात. मूल हवे असो वा नको. पण घरचे विचारतात फक्त मुलाचे. मूल होणार नाही हे कळले की तिचा उपचारही बंद होतो.

बाबासाहेबांचे सूत्र

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुरावरून खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू लढवली. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात आणला. वरवर पाहता हे उलटसुलट दिसेल: एकीकडे बाळंतपणाचे रक्षण, दुसरीकडे बाळंतपण टाळण्याचा हक्क. दोन्हींमध्ये सूत्र एकच आहे. शरीर स्त्रीचे, निर्णय स्त्रीचा, आणि त्या निर्णयाला लागणारी सोय करणे हे राज्याचे काम. आज त्याच सूत्राने म्हणावे लागेल की ज्या बाईला दात्रीच्या बीजाने मूल हवे तिला ते परवडले पाहिजे, जिला दत्तक हवे तिला दत्तक मिळाले पाहिजे आणि जिला मूलच नको तिला कुणी विचारता कामा नये.

दत्तकाबाबत तर बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाच्या लढ्याचे फळ आपल्या हातात आहे. १९५६ च्या दत्तक कायद्याने जातीची अट गेली, मुलगी दत्तक घेता येऊ लागली, एकट्या स्त्रीला दत्तक घेता येऊ लागले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. फुल्यांनी जे समाजाविरुद्ध जाऊन केले ते आपल्याला कायद्याने करता येते.

धम्मातही स्त्रीची किंमत मुलावर ठरलेली नाही. भिक्षुणी संघात आई झालेल्या होत्या, न झालेल्याही होत्या, मुले गमावलेल्याही होत्या. अर्हत्पदाच्या वाटेवर हा प्रश्न विचारला गेला नाही.

आपण काय करायचे?

पहिले, माहिती. चाळिशीच्या आत पाळी तीन-चार महिने चुकली, आणि दिवस राहिलेले नाहीत, तर एफएसएचची तपासणी करून घ्यायला सांगा. निदान झाल्यावर हाडे, थायरॉइड आणि हृदय तपासायला सांगा. टर्नर सिंड्रोम असलेल्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करण्याआधी हृदयाची तपासणी केलीच पाहिजे, कारण तिच्या जिवाला धोका असू शकतो.

दुसरे, कायदा. मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचे कारण नाही. मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणे, अपमान करणे याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात स्पष्ट शब्दांत हिंसा म्हटले आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. माहेरी पाठवलेल्या प्रत्येक बहिणीला हे कळले पाहिजे.

तिसरे, मागणी. जिल्हा रुग्णालयात हार्मोन तपासणी आणि औषधे मोफत, वैद्यकीय महाविद्यालयांत आयव्हीएफ केंद्र, सरकारी आरोग्य योजनेत वंध्यत्वाचा समावेश, ऊसतोड स्त्रियांच्या प्रत्येक गर्भाशय शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या डॉक्टरचे मत. हे निवेदनात लिहा आणि पाठपुरावा करा.

चौथे आणि सर्वात अवघड, स्वतःचे घर. वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारणे बंद करण्याचा ठराव आपण करतो. त्याच ठरावात एक ओळ वाढवा: बीज घेताना, मूल दत्तक घेताना आम्ही जात विचारणार नाही. आणि आपल्या विहारात नामकरण असेल तेव्हा मूल नसलेल्या बहिणीला पहिल्या रांगेत बसवा, बाळ तिच्या हातात द्या.

जय भीम!